धोंड्याच्या महिन्यात घर रिकामं करताना

महोदय,

यंदा १७ मे ते १५ जून २०२६ हा अधिक ज्येष्ठ, म्हणजे आपला धोंड्याचा महिना, नेमका उन्हाळी सुटीत आला आहे. याआधी असा योग २०१८ मध्ये होता. मधले दोन अधिक मास, २०२० चा आश्विन आणि २०२३ चा श्रावण, सुटीबाहेर पडले. त्यामुळे लेकी-जावई, नातवंडं, आत्या, मावश्या, चुलत-मावस भावंडं अशी सगळी मंडळी वाणाच्या निमित्ताने एका घरी जमायला आठ वर्षांनी चांगली सवड आहे. लग्नाचे मुहूर्तही या महिन्यात नसतात, त्यामुळे सुटीतले शनिवार-रविवार दुसऱ्यांच्या लग्नात जात नाहीत.

पण मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे इथल्या पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांत घराचा ताबा द्यायची तारीख बहुधा मे अखेरचीच धरली जाते. शाळा सुरू व्हायच्या आत आणि पावसाच्या आत मुक्काम हलवायचा, एवढं साधं त्यामागचं गणित. मग घराघरांतून एकच वाक्य ऐकू येतं, "यंदा कुणाला बोलवायला नको, घरात नुसती खोकी." आमचं म्हणणं नेमकं उलट आहे. त्या भिंती पुढच्या मे महिन्यात नसणार आहेत. तिथे माणसं जमायची ती याच वर्षी. त्यासाठी कामांचा क्रम तेवढा बदलावा लागतो: आधी वाण, मग बांधाबांध आणि स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी.

तारखा अशा बसतात. १७ तारखेला, रविवारी, महिना लागतो. २३ आणि २४ मेचा शनिवार-रविवार वाणाला धरावा. २५ ते २८ बांधाबांध, २९ किंवा ३० ला टेम्पो. ३१ मेचा रविवार मोकळा हातात ठेवावा, कारण टेम्पो एक दिवस पुढे जाणं ही रोजचीच गोष्ट आहे. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच आला होता. तेव्हा मे कोरडा जाईल या भरवशावर राहू नये. बंद बॉडीचा किंवा चांगली ताडपत्री असलेलाच टेम्पो ठरवावा, आणि गाद्या, पुस्तकं, कागदपत्रं यांना ऊन असलं तरी प्लॅस्टिक गुंडाळावंच. लांबून येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांचं झालं आहे. नागपूर-अमरावतीची किंवा कोकणातली मंडळी यायची तर त्यांना तारीख दोन महिने आधी कळायला हवी. सोसायटीची तारीख उशिरा जाहीर झाली की निम्मे पाहुणे तिथेच गळतात.

आता वाण. तेहतीस अनारसे हा त्यातला मुख्य पदार्थ, आणि घर आवरण्याच्या गडबडीत तो जमत नाही म्हणून हल्ली बत्तासे किंवा विकतचा म्हैसूरपाक देऊन मोकळे होतात. खरं पाहता स्थलांतराच्या काळाला अनारशाइतका सोयीचा पदार्थ नाही, कारण त्याचं पीठ थांबू शकतं. एका जावयाच्या वाणाला अर्धा किलो जुना तांदूळ पुरतो. त्यात साधारण चाळीस होतात, म्हणजे मोडतोड धरूनही तेहतीस निघतात. शनिवारी २३ तारखेला वाण असेल तर १४ तारखेला तांदूळ भिजत घालावा. तीन दिवस रोज पाणी बदलायचं. उन्हाळ्यात हे एक दिवसही चुकवू नये, नाहीतर तांदळाला वास लागतो. १७ ला तांदूळ उपसून पंच्यावर सावलीत पसरायचा. हाताला ओल लागावी पण पाणी लागू नये, इतपतच सुकवायचा. इथेच बहुतेकांचं चुकतं. मेचं ऊन कडक असतं, तांदूळ गच्चीत टाकला की अर्ध्या तासात खडखडीत होतो आणि त्या पिठाचे अनारसे दगडासारखे होतात. ओलसर तांदूळ बारीक दळून, चाळून, त्यात वजनाने थोडा कमी, म्हणजे अर्धा किलोला चारशे ग्रॅम चिरलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळे करायचे आणि स्टीलच्या डब्यात दाबून ठेवायचे. चार-पाच दिवसांत पीठ मुरतं. पाहुणे लांबले, ताबा अलीकडे आला, तरी हा डबा उचलून नव्या घरी नेता येतो. पीठ तसंच राहतं.

तळताना दोन गोष्टी. अनारसा खसखशीवर थापून खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वर तूप उडवत राहायचं. आणि पहिला एकच सोडून बघायचा. तो तुपात पसरला, म्हणजे हसला, तर गूळ जास्त झाला आहे किंवा पीठ सैल आहे. अशा वेळी मूठभर कोरडं तांदळाचं पीठ मळून घातलं की सुधारतं. हे कोरडं पीठ आधीच वेगळं काढून ठेवावं, कारण डबे बांधून झाल्यावर ते सापडत नाही. तळलेले अनारसे चाळणीत उभे करून तूप निथळू द्यावं. जावई रेल्वेने परत जाणार असतील तर अनारसे पत्र्याच्या डब्यात उभेच लावून मधे कागद द्यावा. आडवे रचले तर खालचे वरच्यांच्या वजनाने चिकटतात आणि जाळी दबते. दिवा आणि ताम्हन वेगळ्या पिशवीत.

तळणीचा मुद्दा मुद्दाम लांबवतो आहोत. उरलेलं गरम तूप किंवा तेल घर हलवताना सगळ्यात त्रासाचं. मेमध्ये तूप थिजत नाही, पातळच राहतं, आणि टेम्पोच्या हादऱ्याने डब्याच्या कडेतून झिरपून खालच्या खोक्यातल्या कपड्यांपर्यंत जातं. म्हणून तळण २२ तारखेला, शुक्रवारीच उरकावं. तूप गाळून फिरकीच्या झाकणाच्या बरणीत भरावं, तोंडाखाली प्लॅस्टिक ठेवून झाकण घट्ट लावावं, आणि ते पुढच्या तीन-चार दिवसांत वरणभातावर संपवून टाकावं. वाणाच्या दिवसानंतर मात्र घरात कढई चढवू नये. पुरी-आमरसाचा बेत असेल तर तोही वाणाच्या दिवशीच करावा. शेवटच्या जेवणाला आमरसाबरोबर पोळी पुरते.

आणि धोंडे उकडावेत. पुष्कळ ठिकाणी ते तळतात, पण उकडलेल्या धोंड्यांना मागे तेल राहत नाही आणि एका पातेल्यावर चाळणी ठेवली की काम होतं. वीस माणसांना एक किलो हरभऱ्याची डाळ, एक किलो गूळ आणि वरच्या पारीला एक किलो कणीक. साठेक धोंडे होतात, माणशी तीन. कणीक चपातीपेक्षा घट्ट भिजवावी, नाहीतर वाफेवर पारी फुटून पुरण बाहेर येतं. पाणी खळखळ उकळल्यावर चाळणी ठेवावी, पंधरा मिनिटं पुरतात. कटाची आमटी त्याच डाळीच्या पाण्याची. पुरण मात्र जेवढं लागेल तेवढंच करावं. मेच्या उकाड्यात ते सकाळचं रात्रीपर्यंत कसंबसं टिकतं, आणि फ्रिज बंद करण्याचे दिवस जवळ आलेले असतात.

पाहुण्यांना झोपायला घरातल्या गाद्या काढू नयेत. मांडववाल्याकडे गाद्या, उशा, चादरी दिवसाच्या भाड्याने मिळतात, तो आणून देतो आणि घेऊन जातो. घरातल्या गाद्या आधीच ऊन देऊन, गुंडाळून, दोरी मारून एका खोलीत रचून ठेवल्या की २५ तारखेला ते काम डोक्यावर राहत नाही. घरात एक खोली बांधलेल्या सामानाची, एक खोली वयस्कर माणसांची आणि बाकी सगळं मोकळं, अशी वाटणी करावी. खोकी पॅसेजमध्ये अजिबात ठेवू नयेत. रात्री स्वच्छतागृहाकडे जाणारी आजी त्यांना अडखळून पडते, आणि मग सुटी दवाखान्यात जाते. गच्चीत झोपायचं असेल तर गच्चीच्या दिव्याची जोडणी अजून चालू आहे ना, हे आधी बघावं. पुनर्विकासाच्या इमारतींत ती बऱ्याचदा लवकर तोडलेली असते.

त्याच गच्चीवर शेवटचं वाळवणही घालता येतं. भाड्याच्या इमारतीत गच्चीची किल्ली मिळेलच असं नाही. साबुदाण्याच्या पापड्या दोन उन्हांत वाळतात. सहा-सात वर्षांच्या मुलांनाही प्लॅस्टिकवर चमच्याने घालता येतात, आणि सुटीला जमलेल्या मुलांना सकाळी गुंतवायला याहून चांगलं काम नाही. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजतो आणि त्यांना दोन-तीन कडक उन्हं लागतात, म्हणून त्या १५ मेच्या आत उरकाव्यात. नीट न वाळलेल्या कुरडया डब्यात बंद करून नेल्या की आठवड्यात बुरशी येते. कुरडई दोन बोटांत मोडून बघावी. टकन मोडली तर वाळली, वाकली तर अजून एक ऊन द्यायचं. डबा भरताना वर रिकामी जागा ठेवू नये, तिथे कागदाचे बोळे कोंबावेत. जागा राहिली की प्रवासात चुरा होतो.

कैरीचं लोणचं जुन्या घरी पूर्ण घालू नये. ताजं लोणचं आठ-दहा दिवस मुरायचं असतं. तेल वर येऊन फोडी झाकल्या गेल्या नाहीत तर टिकत नाही, आणि हलवाहलवीत तेल सांडून वरच्या फोडी उघड्या पडतात. त्याऐवजी कैऱ्या फोडून घ्याव्यात, कारण जमलेल्या मंडळींत विळी-अडकित्ता धरणारे हात असतात. किलोभर फोडींना दोनशे ग्रॅम मीठ आणि हळद चोळून बरणीत भराव्यात. मीठ लावलेल्या फोडी आठवडाभर चांगल्या राहतात. मसाला आणि फोडणीचं गार तेल नव्या घरी गेल्यावर. बरणीला दादरा बांधून ती टेम्पोत न देता माणसाच्या मांडीवर न्यावी.

आंब्यांचंही गणित असंच आहे. पेटी घेताना फळं किती दिवसांत तयार होतील ते विचारून, वाणापर्यंत संपतील एवढीच घ्यावीत. पिकलेले आंबे बंद टेम्पोत दुपारी दोन तास राहिले की उकाड्याने उतरतात. आढीतले कच्चे आंबे असतील तर गवतासकट खोक्यात, सगळ्यात वर, आणि सकाळच्या फेरीत.

बांधाबांधीला पाहुण्यांना जुंपण्यात संकोच करू नये, पण काम ठरवून द्यावं. "काहीतरी मदत करा" म्हटलं की सगळे स्वयंपाकघरात गोळा होतात. पुस्तकं लहान खोक्यांत, एका खोक्यात पंधरा किलोच्या वर नाही. मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की तळ सुटतो. काचसामान जुन्या साड्यांत आणि चादरींत गुंडाळावं. कागदही वाचतो आणि त्या तशाही न्यायच्याच असतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे एक वही आणि मार्कर द्यावा. प्रत्येक खोक्याला क्रमांक, वहीत त्या क्रमांकापुढे आतल्या चार गोष्टी आणि नव्या घरातली खोली. क्रमांक खोक्याच्या वर लिहून उपयोग नाही, रचल्यावर वरची बाजू दिसत नाही. दोन बाजूंना लिहावा. औषधं, चष्मे, शाळेचे दाखले, बँकेची आणि घराची कागदपत्रं, दागिने हे खोक्यात जाताच कामा नयेत. एक पिशवी, एक जबाबदार माणूस. इन्सुलिन थर्मासमध्ये, बर्फाच्या थेट संपर्कात नाही. कापूर, डिओडोरंटचे डबे, शाईच्या बाटल्या बंद टेम्पोत दुपारी नेऊ नयेत.

यंत्रांबद्दल थोडक्यात. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून, दार उघडं ठेवून, पाणी पुसून घ्यावा. तो उभाच न्यावा, आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. नव्या घरी चार तास तसाच ठेवून मग चालू करावा. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशिनच्या ड्रमला मागून लावायचे बोल्ट नवीन मशिनबरोबर आलेले असतात. ते लावल्याशिवाय मशिन हलवलं तर ड्रमचे झटके स्प्रिंगांवर येतात आणि नव्या घरात पहिल्याच पिळण्याला मशिन नाचतं. बोल्ट हरवले असतील तर तंत्रज्ञाकडून आधी मागवून घ्यावेत. एसीचा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करून मगच तांब्याच्या नळ्या सोडवायच्या असतात. घाईतला फिटर नळी कापतो, गॅस उडून जातो आणि नव्या घरी गॅस भरण्याचा खर्च येतो. मेमध्ये एसीवाले मिळत नाहीत, तेव्हा २८ तारखेची वेळ महिनाभर आधी घ्यावी. तोवर पाहुण्यांनाही गारवा मिळतो. इन्व्हर्टरची बॅटरी उभी आणि वेगळी, तिच्या शेजारी कपड्यांची बोचकी नकोत.

गॅसचं त्याच शहरात दुसऱ्या एजन्सीकडे नाव बदलायचं असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करावा लागत नाही. शहरच बदललं तर दोन्ही जमा करून अनामत परत घ्यायची. पाइपचा गॅस असेल तर जोडणी तोडण्याचा अर्ज आधी करावा, पण तारीख शेवटच्या स्वयंपाकानंतरची मागावी. पाहुणे घरात असताना गॅस बंद झाल्याने घरभर ताण येतो, त्यासाठी एक इंडक्शन शेगडी बाजूला काढून ठेवावी. भरलेला सिलिंडर सामानाच्या टेम्पोत आडवा टाकण्याची सवय घातक आहे. रेग्युलेटर काढून, टोपी लावून, उभा आणि उघड्या गाडीत.

हलवायच्या दिवशी हमालांना सकाळी सातला बोलवावं आणि अकराच्या आत जड सामान उतरवून घ्यावं. ताकाची एक बादली त्यांच्यासाठी ठेवावी. उन्हात कपाट उचलणाऱ्या माणसाला ती आपल्यापेक्षा जास्त लागते. नव्या घराच्या सोसायटीत सामान आणण्याच्या वेळा आणि रविवारचे नियम काय आहेत ते आधी विचारावं. वॉचमनकडे येणाऱ्या नातेवाइकांची नावं देऊन ठेवावीत, नाहीतर वाण घेतलेली लेक फाटकावर अर्धा तास उभी राहते. भाड्याच्या घराचा करार लेखी आणि नोंदलेला असणं १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. विकासकाबरोबरचा आपला करार नोंदवल्याशिवाय आणि भाड्याचे धनादेश हाती आल्याशिवाय जुन्या घराची किल्ली देऊ नये, मग पाहुण्यांसमोर कुणी कितीही घाई करो.

अधिक मासात घर बदलावं का, असं अनेकजण विचारतात. तात्पुरत्या भाड्याच्या घरात जाणं हा गृहप्रवेश नव्हे, असं बहुतेक घरांत मानतात. देव, पाण्याने भरलेला तांब्या, मीठ आणि तांदूळ आधी नेऊन ठेवतात, आणि पूजा वगैरे १६ जूनपासून पुढे करतात. ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या गुरुजींना विचारावं. देवघर शेवटी उचलावं, पण देव टेम्पोत देऊ नयेत. ताम्हनात ठेवून घरातल्या एका माणसाने हातात न्यावेत.

आता सोसायट्यांच्या समित्यांना सांगणं. सगळ्या सभासदांना एकच अंतिम तारीख देणं हे या सगळ्या त्रासाचं मूळ आहे. एका घराचं सामान लिफ्टने उतरवायला तीन-चार तास लागतात. सकाळी सात ते संध्याकाळी सात धरलं तरी एका लिफ्टमधून दिवसाला तीन घरं निघतात. अठ्ठावीस घरांच्या इमारतीला दहा दिवस हवेत, आणि सगळे मात्र शेवटच्या शनिवारी-रविवारी निघतात. सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता ४०८ किलो असते. घाईत तिच्यात लोखंडी कपाट आणि चार माणसं कोंबली की ती मधेच थांबते, आणि देखभालीचा करार महिनाअखेर म्हणून आधीच बंद केलेला असतो. म्हणून ताब्याच्या तारखेऐवजी दहा-बारा दिवसांची मुदत द्यावी, विंगप्रमाणे आणि मजल्याप्रमाणे दिवस वाटून द्यावेत, आणि हे सगळं किमान अडीच महिने आधी लेखी कळवावं. ज्या घरी वाण आहे त्यांनी तसं कळवल्यास त्यांना शेवटचे दिवस द्यावेत. लिफ्ट, पाणी, जिन्यातले आणि गच्चीतले दिवे शेवटचं कुटुंब बाहेर पडल्यानंतर चार दिवस चालू राहतील, हे विकासकाकडून लिहून घ्यावं. मीटर बंद करण्याचे अर्जही विंगप्रमाणे दोन टप्प्यांत द्यावेत, एकदम नव्हे. आणि समितीची हरकत नसेल तर २३-२४ मेला सोसायटीचं सभागृह किंवा गच्ची वाणाच्या पंगतींसाठी खुली ठेवावी. जेवायला बसलेल्या प्रत्येकाला मग घरातली खोकी सरकवावी लागणार नाहीत.

पुनर्विकासाला निघालेल्या एका सोसायटीतल्या काही सभासद महिला, डोंबिवली (पूर्व)